बिनमशिनीची सोनोग्राफी

लोधिवलीच्या माळावर दर गुरुवारी एवढी गर्दी जमायची, की हायवेवरच्या टेंपोवाल्यांना वाटायचं, लग्नच आहे. मांडव होता, लाऊडस्पीकर होता, वडापावची गाडी होती. नवरा-नवरीच्या जागी सोफ्यावर धाकलू महाराज बसायचे. पूर्वी पत्र्याच्या शेड ठोकायचे. एकदा शेडवरून डोक्यावर पडले आणि उठले ते अंतर्ज्ञानी होऊनच! आमच्या हॉस्पिटलात डोक्यावर पडलेले पुष्कळ येतात, पण इतका फायदा झालेला मी एकही पाहिला नाही.

चमत्कार असा, की समोर आलेल्याने तोंडच उघडायचं नाही. महाराज डोक्यावर हात ठेवणार, डोळे मिटणार आणि माइकवरून त्याच्या पोटातलं सांगणार. "पित्ताच्या पिशवीत खडं हायत! सलाइनवर व्हतास! खरं का खोटं?" खरंच असायचं. मग टाळ्या, मग अंगारा, मग हुकूम, "गोळ्या बंद!" लोक कौतुकाने म्हणायचे, बिनमशिनीची सोनोग्राफी.

मी सुचेता. चौक गावाजवळच्या एका लहान हॉस्पिटलात वॉर्डची इनचार्ज सिस्टर. महाराजांचं सोंग मी लांबून ऐकून होते आणि हसत होते. हसू थांबलं ते हर्षलामुळे. ही माझ्या ओळखीच्या सुंदराची पोर, कॉलेजात शिकणारी. फीट आल्या म्हणून आमच्याकडे दाखल होती, गोळ्यांनी छान सावरली. घरी पाठवताना मी बजावलं होतं, एकही गोळी चुकवायची नाही. तर सुंदराच मला बाजारात सांगते, "गोळ्या दिल्या टाकून! महाराजांनी अंगारा दिलाय."

"अगं सुंदरा, पोर विहिरीवर पाण्याला जाते. काठावरच फीट आली तर?"

"नाय यायची. आमी काय बी न सांगता त्यांनी भर मांडवात वळखलं, हिला फेपरं येतं म्हनून. डोळं मिटून सांगनारा मानूस खोटं कशाला बोलंल?"

हर्षला मागे खाली मान घालून उभी होती. सगळ्या गावाने ऐकलं होतं. तिने कॉलेज सोडलं होतं.

आता आली का पंचाईत! त्या ज्ञानाचा उगम सापडल्याशिवाय सुंदरा गोळीला हात लावणार नव्हती. पुढच्या गुरुवारी मी डोक्यावर पदर घेऊन मांडवात बसले. एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महाराज घुमले, "ताप उतारावर हाय, पन लघवी गढूळ! अन् रात्री बडबडतोस!" मी ताडकन सरळ झाले. हे तर माझंच वाक्य! ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला प्रत्येक पेशंटची हकिगत सांगते, त्याला आम्ही 'ओव्हर' देणं म्हणतो. ती आम्ही खाटेशेजारी उभ्या राहून देतो, तीही अशी खणखणीत, की गेटवरच्या वॉचमनलाही रोगनिदान व्हावं.

आणि सोफ्यामागे नारळ फोडत कोण बसलेलं? ठकीमावशी! आमच्या वॉर्डात ही रोज असायची. दुसऱ्या शिफ्टच्या रिया सिस्टरला मी विचारलं, तर ती म्हणाली, "खिडकीजवळच्या आजोबांची मावशी ना?" आयाबाई म्हणाली, दाराजवळच्या बाळंतिणीची. वॉर्डात खाट तिथे मावशी असतेच. कुणाची म्हणून कोण विचारतो? चौकशी केली तेव्हा कळलं, ही महाराजांची सख्खी बहीण.

मग मी सदूला गाठलं. चौकला त्याचं गॅरेज. आमच्याच वॉर्डात होता; अपेंडिक्स काढलेलं, दोन दिवसांत घरी जाणारा गडी. बेत सांगितला तशी त्याने विचारलं, "बाई, माज्या जिवाला काय नाय ना?" मी म्हटलं, नाही. डॉक्टरांचीही परवानगी घेतली, कारण ओव्हरमध्ये खोटं बोलणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ. आधी खरी ओव्हर दार लावून दिली. मग वॉर्डात येऊन नाटक! सदूच्या खाटेशी रियाला म्हटलं, "याची डावी किडनी पूर्वीच काढलेली आहे. बायकोला माहीत नाही, बोलू नकोस हं!" ठकीमावशी पलीकडे कुणाचेतरी पाय चेपत होती.

गुरुवारी सदू सोफ्यापुढे बसला. महाराज थरथरले. "डाव्या अंगाला अंधार दिसतो! मूत्रपिंडच नाय! अन् ही गोष्ट बायकोपास्नं लपवलीस!"

मांडव हादरला. सदूने शर्ट वर केला आणि गोल फिरला. "बघा रं! अपेंडिसचे टाके उजवीकडं. डावीकडं हाय का काय खूण? मंग किडनी काय तोंडातनं काढली?"

"देवीनं काढली! बिनटाक्याची!"

"मागल्या आठवड्यात सोनोग्राफीत दोन्ही दिसल्या. देवीला ही बातमी दिली कुनी?"

मी गर्दीतून पुढे होऊन माइक घेतला आणि सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "ठकीमावशी, तुम्ही नक्की कुणाच्या मावशी?"

मागून एक बाई ओरडली, "अगं बया! हिनं माज्या सासऱ्याला पेज भरवलीय!" दुसरी म्हणाली, "आमच्या खाटंवर बसून ही रडली बी व्हती!" महाराजांना तातडीने समाधी लागली. ती उतरली ती थेट चेल्याच्या जीपमध्ये.

मला वाटलं, सुंदरा आता हात धरेल, आभार मानेल. ती समोर आली आणि म्हणाली, "सिस्टरबाई, त्यानं चोरलं. पन माज्या लेकीचं दुखनं असं उघड्यावर मांडलं कुनी?"

मला खूप लाज वाटली. पेशंटचं गुपित राखायची शपथ घेतलेल्या आम्ही, आणि महाराजांचं अंतर्ज्ञान आमच्याच घशातून निघत होतं.

हर्षलाने त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. आता आमची ओव्हर दाराआड, हळू आवाजात होते. तुम्हालाही सांगते, न सांगता ओळखणारा भेटला की हात जोडू नका. "तुला कुणी सांगितलं?" एवढंच विचारा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. विचारायला पैसे पडत नाहीत. आम्ही सिस्टरांनी खाटेशी बसलेल्या त्या बाईला एकदा जरी विचारलं असतं, तरी हर्षला आज कॉलेजात असती.