सेलिनाच्या पायाखालची पाठ

मी एक म्हातारा करडा घोडा आहे. मित्रांनो, आता मला दिसत नाही. पण माझ्या पाठीवर उभी राहून सेलिना क्रॉदर नाचायची, तेव्हा सारे यॉर्कशायर श्वास रोखून बघत असे.

मूळचा मी बिअरची पिंपे ओढणारा. पाठ रुंद आणि चाल एकसारखी, म्हणून ग्रिंडल मालकांनी मला सर्कशीत आणले. सेलिना तेव्हा कोवळी पोर होती. पहिल्या हिवाळ्यात ती इतकी पडली की रिंगणात अंथरलेला लाकडाचा भुसा तिच्या केसांतून निघतच नसे. पडली की ती आधी माझे पाय चाचपायची, मग स्वतःचे गुडघे. खेळाआधी पाय घसरू नये म्हणून ती माझ्या पाठीवर राळेची पूड चोळायची. लोक तिच्यावर फुले फेकत. त्यांतली बरीचशी मी खाऊन टाकत असे.

वर्षे सरली आणि माझ्या डोळ्यांत धुके उतरले. ते सेलिनाने ओळखले, पण ती कुणाजवळ बोलली नाही. वळण आले की हळूच जिभेने 'टक्' करायची, एवढेच. एके सकाळी मात्र मी पाण्याच्या पिंपावर आदळलो आणि मालकांनी ते पाहिले.

"आंधळ्या घोड्याचं मी काय लोणचं घालू?" ते म्हणाले. त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी खाटकाची गाडी बोलावली. सेलिनाने पुष्कळ विनवले. शेवटी आजचा खेळ तरी त्याच्याबरोबर करू द्या, एवढेच तिने मागून घेतले.

संध्याकाळी वारा सुटला. कागद ताणून लावलेल्या कड्यातून पार होऊन पुन्हा माझ्या पाठीवर उतरायला सेलिनाने उडी घेतली आणि त्याच क्षणी तंबूचे कापड फाटून सगळे दिवे विझले. बँड थांबला. कुणीतरी किंचाळले. दुसरा घोडा बुजलाच असता. मला अंधार नवा नव्हता. मी चाल बदलली नाही.

मग तिचे तळपाय माझ्या पाठीवर टेकले.

ती खाली बसली आणि तिने माझ्या मानेला मिठी मारली. दिवे लागले तेव्हा आम्ही रिंगणात फिरतच होतो.

मालक आले. त्यांनी माझ्या नाकावर हात ठेवला.

"खाटकाला नको म्हणून कळवतो. पण रिंगणात हा पुन्हा नको, सेलिना. दर वेळी नशीब साथ देत नसतं."

"चालेल, मालक," ती म्हणाली. "मलाही आता जरा जमिनीवर चालायला शिकायचंय."

आता आम्ही तिच्या बहिणीच्या मळ्यावर असतो. सेलिना कोबी लावते, मी गवतात लोळतो. जवळ येण्याआधी ती लांबूनच माझे नाव घेते, म्हणजे मी दचकत नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी थकलेले जनावर असेल. त्याला आधी हाक मारा, मग हात लावा.