पाचव्या शर्यतीची घोडी

मास्तरांनी पाचव्या शर्यतीचा मजकूर तिसऱ्यांदा खोडला, आणि पेन इतकं दाबलं की कागदच फाटला.

"मास्तर, कागदावर कसला राग काढताय?" समोरच्या टेबलावरून उपसंपादक म्हणाला. "पाचला पान सोडायचंय. पाय धरतो तुमचे."

"धरायचेच तर घोड्याचे धर. एक लाथ बसली तर शहाणा तरी होशील."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला.

मास्तर कुठल्या शाळेतले नव्हते. सदा हातात स्टॉपवॉच, म्हणून मैदानावरच्या लोकांनी त्यांना घड्याळमास्तर केलं होतं. पुढे घड्याळ गळालं आणि मास्तर तेवढे उरले. शर्यतींच्या आदल्या दिवशी पहाटे मैदानाच्या कठड्याशी उभं राहून घोड्यांचा सराव बघायचा आणि उद्या कोण जिंकेल ते लिहायचं, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. टाइप करणं त्यांना कधी जमलं नाही. ते हाताने लिहीत आणि ऑपरेटर मुकाट्याने टाइप करून घेई.

बाकीच्या शर्यती त्यांनी दुपारीच उरकल्या होत्या. पहिलीत गारगोटी, कारण अंतर कमी आहे आणि तिला आतली जागा मिळाली आहे. दुसरीत जहागीर, पण रात्रीतून मैदान ओलं झालं नाही तर. तिसरीतल्या मध्यस्थबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'हा नावाला जागतो. कधी पहिला येत नाही, कधी शेवटचा येत नाही. लांबूनच नमस्कार करावा.' चौथीवर तर पाच मिनिटंही लागली नव्हती. घोडं अडलं होतं ते पाचवीवर.

पाचवीत पाकोळी धावणार होती, आणि पाकोळीवर बसणार होता त्यांचा जावई.

आज पहाटे ती घोडी शेवटचे सहाशे मीटर छत्तीस सेकंदांत आली. कठड्याशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी आपापली घड्याळं एकमेकांना दाखवली, कुणी शिट्टी वाजवली, कुणी मास्तरांच्या पाठीत थाप मारली. "जावयाने नाव काढलं हो!" मास्तरांचं घड्याळ मात्र चालूच राहिलं होतं. बटण दाबायचं ते विसरले होते. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

कारण बाकीचे घोडीचे पाय बघत होते आणि मास्तर दुर्बिणीतून जावयाचे हात. सहा आठवड्यांपूर्वी पडून त्याचं डावं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी बरा झाल्याची सही दिली होती. पण त्याची डावी मूठ मिटतच नव्हती. लगाम सुटू नये म्हणून त्याने तो मनगटाला गुंडाळला होता, दोन वेढे. तो मागे रेलून ओढत होता आणि घोडी त्याला जुमानत नव्हती. ती जोरात आली नव्हती, ती सुटली होती.

सराव संपल्यावर मास्तरांनी त्याला तबेल्याच्या वाटेवर गाठलं.

"हात दाखव."

जावयाने हात खिशात घातला. "उद्या जिंकल्यावर दाखवतो ना, बाबा."

आणि हसत निघून गेला. सहा आठवडे घरी बसून काढल्यावर मिळालेली ही पहिली स्वारी होती. हीही गेली तर ट्रेनर पुन्हा विचारणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. शर्यतींच्या कमिटीतले लोक सकाळच्या चहाबरोबर मास्तरांचं पान वाचत. एखाद्या जॉकीबद्दल त्यात शंका आली, की शर्यतीआधी जॉकींचं वजन करतात त्या खोलीत त्याला तपासायला डॉक्टर उभा राहिलाच म्हणून समजा. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शेवटी त्यांनी डोळे मिटावेत तसं घाईघाईने लिहून टाकलं. 'पाकोळी. सरावात बहारदार धाव. आजची पक्की घोडी हीच.' पाठवायला म्हणून ते उठले, तेवढ्यात दारातून त्यांची मुलगी आत आली. शाळेतून थेट आली असावी. खांद्यावर तपासायच्या वह्यांची पिशवी तशीच होती.

"पान गेलं का बाबा?"

"जातंय. बस. चहा सांगू?"

"पाचवी वाचून दाखवा."

मास्तरांनी वाचलं. ती खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. पण तिने पिशवी हळूच खाली ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"आज तुम्ही मैदानावर होतात ना?"

"होतो की."

"दुर्बीण होती?"

"ती कधी नसते?"

"मग तुम्हालाही नाही दिसलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं होतं, निदान तुम्हाला दिसेल."

"काय दिसायचं होतं?"

"ते मला सांगता येत नाही. त्याने शपथ घातलीय."

लाजेने मास्तरांचे कान तापले.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "मूठ मिटत नाही त्याची. लगामाचे दोन वेढे होते मनगटाला."

"वेढे?" हे तिला माहीत नव्हतं. "म्हणजे पडला तर हात सुटणारच नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही हे लिहिलंत? पक्की घोडी?"

"तुझ्यासाठीच गं. तुमच्या घरात मी खोडा घातला असं नको व्हायला."

"माझ्यासाठी! सहा आठवडे त्याच्या शर्टाची बटणं मी लावतेय, बाबा. रोज भांडतेय. तो सहीचा कागद नाचवतो माझ्यापुढे. मूग गिळून बसले ते तुमच्या भरवशावर!"

उपसंपादकाने मान वर केली आणि लगेच खाली घातली. भिंतीवरच्या घड्याळात पाचला आठ मिनिटं होती.

मास्तरांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागले. या वेळी काही खोडलं नाही. 'पाकोळी. सरावात दिसला तो वेग घोडीने घेतलेला होता, जॉकीने दिलेला नव्हता. ती त्याच्या हातातून सुटली होती. त्याचं डावं मनगट अजून बरं झालेलं नाही आणि तो लगाम मनगटाला गुंडाळून बसतो. घोडीवर दुसरा जॉकी असेल तरच तिचा विचार करावा.'

मुलीने ते वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"बोलायचा नाही तो तुमच्याशी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

तिच्या पर्समधला फोन वाजला. नाव बघून तिने तो जरा वेळ तसाच वाजू दिला, मग घेतला.

"हो, बाबांकडेच आहे... हो, लिहिलंय... घोडी तुला आवरली नाही, असं लिहिलंय." ती थांबली. पलीकडचा आवाज मास्तरांपर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते. "नाही. मी एक अक्षर बोलले नाही. त्यांना दिसलं... वेढेसुद्धा दिसले."

मग तिने फोन मास्तरांपुढे धरला.

"तुम्हाला द्यायला सांगतोय."

मास्तरांनी फोन कानाला लावला.

"बाबा," जावई म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "छपाईला गेलं का हो?"

मास्तरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"गेलं," ते म्हणाले. फोन कानाशी तसाच धरून ते उठले, आणि चालत जाऊन कागद ऑपरेटरच्या पुढ्यात ठेवला.