दोघांचा शुक्रवार

सरकारने सहा महिन्यांसाठी चार दिवसांचा आठवडा करून बघायचं ठरवलं आणि हेडक्लार्कच्या डोक्याला ताप झाला. कचेरी पाचही दिवस उघडी हवी, म्हणून प्रत्येकाने आपल्या जादा सुट्टीचा वार अर्जात मागायचा आणि तक्ता हेडक्लार्कने करायचा. एकदा ठरलेला वार सहा महिने बदलणार नाही, हे तो रोज वीस जणांना ऐकवत होता. कचेरीत त्याला सगळे 'परिपत्रक' म्हणत, आणि त्याला ते कौतुक वाटे.

खालच्या मजल्यावर नकाशे सांभाळणारी त्याची बायको. तिचा अर्ज बंद पाकिटात आला. नातेवाइकाचा अर्ज हाताळायचा नाही असा नियम, म्हणून परिपत्रकाने पाकीट न उघडता साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. उघडायची गरजही नव्हती. त्याने स्वतः शुक्रवार घेतला होता, तेव्हा ती दुसरं काय मागणार? चोवीस वर्षांच्या संसारात दोघांना दोघांचीच अशी एक दुपार मिळाली नव्हती. आधी आईचं आजारपण, मग मुलीचं शिक्षण, आणि आता मुलगी परगावी नोकरीला गेली तर शनिवार-रविवार पाहुण्यांचा राबता. या शुक्रवारांवर त्याचा फार जीव जडला होता.

पंचाईत अशी, की नकाशा शाखेतले शुक्रवार भरले होते. परिपत्रक दोन दिवस तळमळला. तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. त्या शाखेतल्या एकाला गोड बोलून सोमवारावर ढकललं, बायकोच्या नावापुढे शुक्रवार लिहिला आणि तक्ता साहेबांपुढे धरला. साहेब न वाचता सही करण्यात पटाईत होते. पाकीट त्यांच्या कोपराखाली बंदच होतं.

"तुला शुक्रवार मिळाला," घरी चपला काढताना तो म्हणाला. हसू काही केल्या दाबता येईना.

ती भाजी चिरत होती. "मी बुधवार मागितला होता."

"बुधवार कशाला? शुक्रवारी मी घरी असतो ना."

"म्हणूनच."

तिने सुरी खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"तुमच्यावर राग नाही हो. पण या घरात मी एकटी अशी कधी राहिलेच नाही. कुणी हाक मारत नाहीये, टॉवेल कुठंय विचारत नाहीये, असा एक दिवस हवा होता. अर्जात तसंच लिहिलंय. वाचला नाहीत?"

"नातेवाइकाचा वाचायचा नसतो."

"वार मात्र आपल्या मनाने द्यायचा असतो. जाऊ दे, बदलून घ्या आता."

"सहा महिने बदलत नाही," सवयीने त्याच्या तोंडून गेलं, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

पहिल्या शुक्रवारी नेहमीच्या वेळेला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी आला. जायचं कुठे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"निघालात?"

"हो. साडेसहापर्यंत येतो."

इतक्या वर्षांत ती त्याला सोडायला दारापर्यंत कधी आली नव्हती. आज आली. त्याची कॉलर नीट केली आणि इतकी मनापासून हसली, की जिना उतरताना त्याने दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दार लागलेलं होतं.