चौथा ठिपका

गाडीखाली पुढच्या भागात चौदा नट होते आणि प्रत्येक नटावर रंगाचा एक ठिपका. अकरा पांढरे, तीन पिवळे. प्रणालीने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा मोजले, या खेपेस डावीकडून उजवीकडे. अकरा आणि तीन.

पिवळे चार असायला हवे होते. तिला तसे आठवत होते. पण आठवण म्हणजे नोंद नव्हे. पडल्यापडल्याच तिने वहीत लिहिले, 'पिवळे ३ (?)', आणि ती बाहेर सरकली.

सौंसरच्या बस स्टँडमागच्या या गॅरेजात एकच नियम होता. जो नट आवळेल, त्यानेच त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुढे काही बिघडले तर ठिपका ज्याचा, जाब त्याला. तिच्या बाबांचा, गुणवंताचा, रंग पांढरा. तीस वर्षे इथे तेवढा एकच रंग होता. पिवळ्या ऑइलपेंटची डबी प्रणालीने बी.एस्सी. झाल्यावर स्वतः विकत आणली, त्याला अजून वर्षही झाले नव्हते.

गुणवंता दाराजवळ स्टुलावर बसला होता. समोर स्कूटर घेऊन एक गिऱ्हाईक उभे होते.

"दुसऱ्याकडे ने भाऊ," तो म्हणाला. "आपल्याच्यानं आता होत नाई."

सकाळपासून परत पाठवलेले हे तिसरे. पान्यांची पेटी त्याने पुसून, कडी लावून भिंतीशी ठेवली होती.

"बाबा, माझा एखादा नट तुम्ही परत आवळला काय?"

"नाई," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "आवळला नाई."

गाडी बोरगावच्या यशवंतरावांची, बहात्तर सालची अॅम्बेसेडर. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. परवा त्यांच्या मुलीची, मृणालची, पाठवणी याच गाडीतून व्हायची होती. प्रणालीने आणि बाबांनी महिनाभर खपून गाडीचा पुढचा भाग उघडला आणि नवीन रबरे घालून जोडला. गाडी घरी गेली आणि सोमवारी परत आली. स्टिअरिंग जरा सैल धरले की ती डावीकडे ओढत होती.

"संत्र्याच्या बागेत घालतं काय माझ्या पोरीले?" यशवंतराव म्हणाले होते. मग त्यांनी वाकून खाली पाहिले. "पोट्टीनं हात लावला होता काय रे याले?"

"नाई भाऊ. सगळं माझ्याच हातचं हाये."

"मंग तुया हातात काही राह्यलं नाई, गुणवंता. गुरुवारी चार वाजता येतो. नाई जमलं तं नागपूरले नेतो."

प्रणालीने हे आतून ऐकले होते. महिन्याभराच्या कामातून बाबांनी तिला एका वाक्यात पुसून टाकले होते. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होती.

आज गुरुवार होता आणि सव्वाबारा वाजले होते.

टायरमधली हवा सारखी होती. पुढची चाके एकमेकांच्या जागी लावून पाहिली. ओढ तरीही डावीकडेच. म्हणजे टायर नव्हे. चाक उचलून हाताने फिरवले, मोकळे फिरले. म्हणजे ब्रेक नव्हे. दोन्ही बाजूंची उंची सारखी. एकेक शक्यता वहीत खोडत जाताना डब्यातली भाकर तशीच राहिली. आता थोडेच उरले होते, आणि जे उरले होते त्यातच उत्तर होते.

"बाबा, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत अंतर मोजलं होतं काय आपण?"

"ते काय मोजाचं? ते तं गाडी बनली तवाच ठरलं."

ती शेजारच्या बांधकामावर धावत गेली आणि गवंड्याचा ओळंबा मागून आणला. स्टिअरिंग सरळ केले. प्रत्येक चाकाच्या मध्याशी दोरा धरून खाली फरशीवर खडूने खूण केली. चार चाके, चार खुणा. उजवीकडे दोन हजार चारशे चौसष्ट मिलिमीटर. डावीकडे दोन हजार चारशे अठ्ठावन्न.

तिने टेप उचलून पुन्हा लावला. अठ्ठावन्न.

"बाबा, इकडे या. चष्मा घेऊन या."

गुणवंता उकिडवा बसला. टेपवर बोट ठेवून त्याने आकडा वाचला, मग उजवीकडे जाऊन तिकडचा वाचला.

"सहा मिलिमीटर!" प्रणाली जवळजवळ ओरडलीच. "डावं चाक सहा मिलिमीटर मागं हाये! खालचं टोक मागं गेलं, चाकाचा तिरपेपणा बदलला, म्हणून गाडी तिकडंच..."

"वढते," गुणवंता म्हणाला. तो परत स्टुलाकडे गेला नाही.

ती पुन्हा गाडीखाली शिरली. आता कुठे पाहायचे ते ठाऊक होते. चाकाचा खालचा भाग एक दांडी पुढून धरून ठेवते. दांडी एका पट्टीच्या भोकातून जाते. पट्टीच्या मागे एक जाड वॉशर, पुढे एक, शेवटी नट. उजवीकडे तसेच होते. डावीकडे दोन्ही वॉशर मागे होते, पुढे एकही नव्हता. तिने एका वॉशरच्या कडेला टेप लावला. सहा मिलिमीटर.

नटावरचा ठिपका पांढरा होता.

तीस वर्षे हेच काम करणारा माणूस दोन्ही वॉशर एकीकडे घालेल? तिने नटावर बोट टेकवले. रंग अजून पुरता वाळला नव्हता. नखाने खरवडला तसा पापुद्रा निघाला, आणि त्याच्याखाली पिवळा दिसला. बाहेरून वाकून पाहणाऱ्याला दिसेल असा तिचा हा एकच नट होता.

टॉर्च हातात तसाच राहिला. गाडीच्या कडेला बाबांच्या चपला दिसत होत्या.

"काय झालं वं? सापडलं?"

"सापडलं," ती म्हणाली. "एकोणीसचा पाना द्या."

भिंतीशी पेटीची कडी उघडल्याचा आवाज आला.

चार वाजता यशवंतराव आले. गाडीत बसले आणि लोधीखेड्याच्या रस्त्याने निघून गेले. वीस मिनिटांनी परतले तेव्हा त्यांनी दार अगदी हळू लावले.

"दोन्ही हात सोडून पाह्यलं," ते म्हणाले. "नाकासमोर चालते. काय होतं रे?"

"माझ्या हातून..." गुणवंताने सुरुवात केली.

"डावा नट माझा होता, काका," प्रणाली म्हणाली. "वॉशर मी चुकीचे घातले होते. पिवळा ठिपका माझा असते."

यशवंतरावांनी वाकून खाली पाहिले. डाव्या नटावर आता पिवळा ठिपका होता. मग गुणवंताकडे पाहिले. गुणवंता फडक्याने एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत होता.

"परवा तू पुढच्या शिटावर बसजो," ते तिला म्हणाले. "रस्त्यात वढली तं पाव्हण्यायसमोर तुलेच इचारीन."

सकाळचा स्कूटरवाला पलीकडून जात होता. गुणवंताने त्याला हात केला.

प्रणालीने वही उघडली, सकाळची नोंद एका रेघेने खोडली आणि तिच्याखाली लिहिले:

उजवीकडे २४६४. डावीकडे २४६४. पांढरे १०, पिवळे ४.