खुर्चीवर फक्त कोट होता

मित्रांनो, मी एका शाळेतली जुनी, चाकांची खुर्ची आहे. वय वर्षं बावीस. पाठ निळ्या कापडाची, हातांवरचं रबर सोललेलं आणि पाच चाकांपैकी एक सैल. ते चाक आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे सगळा दोष त्याच्याच माथी आला.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकने मी ग्योतोकु नावाच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेत आले. तिसरा मजला, चौथीचा वर्ग, खिडकीजवळ शिक्षकांचं टेबल, तिथे माझी जागा. पहिली बरीच वर्षं माझ्यावर माणूस बसायचं. वह्या तपासायचं, बरोबर उत्तराला लाल गोल काढायचं, मधूनच कुणाचं तुटलेलं बटण शिवून द्यायचं. एकदा पालकांच्या भेटीच्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "सर या खुर्चीत बसले की वर्ग कसा शांत असतो." कौतुक सरांचं होतं, पण त्यातलं थोडं मी ठेवून घेतलं.

मग शिक्षकांची कामं वाढली. फॉर्म, फोन, बैठका. माझ्यावर बसायला कुणाला वेळ मिळेना. माझ्या वाट्याला आला तो कोट.

हे जरा समजावून सांगते. खुर्चीच्या पाठीला कोट अडकवलेला दिसला, की माणूस जवळपासच आहे असं इथे सगळे धरून चालतात. तुमच्याकडच्या कचेऱ्यांतही हे चालतं, असं सुलेखाबाई एकदा पुटपुटल्या होत्या.

सुलेखाबाई म्हणजे इंग्रजी शिकवायला येणाऱ्या बाई. मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला आल्या, आणि आता एका कंपनीतर्फे शाळाशाळांत जातात. त्या सहायक आहेत, म्हणजे नियमाप्रमाणे त्यांच्या तासाला वर्गशिक्षक खोलीत हवेतच. मुलांना आवरायचं, रागवायचं ते त्यांनी. कंपनीने बाईंना छापून दिलंय: मुलांना हात लावू नये, अडचण आल्यास वर्गशिक्षकांना सांगावे. वर्गशिक्षकच नसतील तर काय करावे, तेवढं छापायचं राहिलंय.

आमचे वर्गशिक्षक होशिनो सर. वाईट माणूस नाही. पण दर गुरुवारी तिसऱ्या तासाला यायचे, कोट माझ्या पाठीला घालायचे, बाईंपुढे वाकून "सोपवतो हं तुमच्यावर" म्हणायचे आणि निघून जायचे. मागे उरायचो आम्ही. चौतीस मुलं, बाई आणि मी.

त्या चौतिसांत एक मराठी मुलगी होती, नुपूर. बाईंच्याच इमारतीत राहणारी. लिफ्टमध्ये "काकू, काकू" करायची आणि वर्गात ओळखही द्यायची नाही. बाई एकदा तिच्या कानाशी म्हणाल्या, "स्वेटर उलटा घातलायस गं." तर जपानीत उत्तर आलं, "सेन्सेई, इथे नको." सेन्सेई म्हणजे शिक्षक.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारची गोष्ट. शब्दांच्या पत्त्यांचा खेळ चालू होता. मागच्या बाकांवर दोन मुलांची एका पत्त्यावरून जुंपली. बाई जपानीत "थांबा" म्हणाल्या, इंग्रजीत म्हणाल्या. मुलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी रिकामी आहे याची खात्री केली आणि एकमेकांची कॉलर धरली. बाई मध्ये उभ्या राहिल्या. हात लावायचा नाही, म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून. तेवढ्यात कुणीतरी मिओ नावाच्या मुलीची पिवळी टोपी भिरकावली. ती उघड्या खिडकीतून गेली आणि बाहेर, वरच्या अंगाला, फलक बांधायच्या हुकाला अडकली.

"नुपूर, खाली जा. सरांना बोलावून आण," बाई म्हणाल्या.

नुपूर गेली आणि लगेच धापा टाकत परत आली. भान सुटून सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, "काकू, जिन्यात मोरिवाकी सर भेटले. ते म्हणतात, होशिनो सर वर्गातच आहेत, मी आत्ताच दारातून बघितलं."

मोरिवाकी सर म्हणजे उपमुख्याध्यापक.

"काय बघितलं त्यांनी?"

"कोट."

बाई काही बोलायच्या आत माझ्या पायांखालची जमीन हलली. मिओ मला ओढत खिडकीपाशी नेत होती. ती माझ्यावर चढली. एक गुडघा तिने खिडकीच्या कडेवर टेकला आणि हात बाहेर काढला. टोपी बोटभर लांब होती. ती आणखी झुकली. माझं सैल चाक फिरू लागलं, आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मित्रांनो, खुर्चीला ओरडता येत नाही. बावीस वर्षांत त्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मी मागे सरकले. मिओचे पाय माझ्यावरून सुटले आणि ती पोटावर, अर्धी आत, अर्धी बाहेर. खाली तीन मजले आणि सायकलींचा तळ.

बाई कशा पोचल्या ते मला दिसलं नाही. बाक सरकल्याचा आवाज आला आणि मिओच्या कमरेला दोन हात घट्ट बसले. बाईंनी तिला आत ओढलं आणि दोघी जमिनीवर पडल्या. माझा हात लागून मिओची हनुवटी फुटली. तीन टाके पडले. तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी मला खाली शिक्षकांच्या खोलीत नेलं आणि उलटं केलं.

"चाक सैल आहे," मोरिवाकी सर म्हणाले, आणि खोलीत सगळ्यांनाच जरा हलकं वाटलं. कारण सापडलं होतं. चाकांच्या खुर्च्या वर्गातून काढाव्यात, असं अहवालात लिहिलं गेलं. कागद सहीसाठी सुलेखाबाईंपुढे आला. बाई जपानी स्वतःची स्वतः शिकल्यात. बोट ठेवून सावकाश वाचतात, पण शब्द सोडत नाहीत.

"इथे होशिनो-सेन्सेई वर्गात होते असं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"कोट होता ना. मी स्वतः पाहिला."

"हो, कोट होता. मिओ पडत होती तेव्हा तो जागचा हलला नाही."

मोरिवाकी सर मऊ आवाजात म्हणाले, "सुलेखा-सान, सही केलीत तर तुमचाही त्रास वाचेल. मार्चमध्ये तुमचं नवं कंत्राट आहे ना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी मुलीला हात लावला. ते नियमात बसत नाही, तेही लिहा. पण हे वाक्य राहिलं तर मी सही करणार नाही. पुढच्या गुरुवारी मला त्याच वर्गात जायचंय. खुर्ची बदलाल, पण माणूस नसलं तर पुन्हा हेच होईल."

होशिनो सर कोपऱ्यातून पुढे आले. ते म्हणाले, "मी नव्हतो. खाली शाळेच्या दाराशी, मुलांच्या बुटांच्या कपाटापाशी होतो. एक मुलगा कित्येक आठवडे जिना चढून वर्गात यायला तयार नाहीये. येतो तो तिसऱ्याच तासाला. त्याच्याजवळ दुसरं कोण बसणार?"

"हे मला सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या. "मीही तुमच्या जागी कुणालातरी मागितलं असतं."

मोरिवाकी सरांनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. मग ते वाक्य खोडलं, वर 'नव्हते' असं लिहिलं, बाजूला आपला शिक्का मारला आणि म्हणाले, "गुरुवारी तिसऱ्या तासाला मी मोकळा असतो."

आता ते येतात. वर्गात चार पायांची नवी खुर्ची आहे, तिच्यावर बसून वह्या तपासतात म्हणे. मी जिन्याखाली, भंगाराची चिठ्ठी लावून. बाईंचं कंत्राट पुढे चालू राहणार का, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. पण गुरुवारी त्या इथूनच वर जातात. पावलं ठाम पडतात, एवढं मला ऐकू येतं.

माझ्यावर दोष आला त्याचं दुःख नाही. चाक सैल होतंच. पण मुलांनो, वर्गशिक्षक जागेवर नसतील आणि शिकवणाऱ्या बाई एकट्या पडल्या असतील, तर जाऊन सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. ती चहाडी नव्हे. आणि मोठ्यांनो, खुर्च्या जरूर तपासा, पण मुलांजवळ येऊन बसा.