दोनशे पावलं वर सरकलेला खांब

"पाणी कधी खोटं बोलत नाही!"

सकाळच्या चहाला सेंटीमीटरकाकांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांचा उजवा हात छताकडे गेला होता आणि डाव्या हातात विमानतळाच्या विस्ताराचा एकशे ब्याऐंशी पानी अहवाल होता.

"मग दुधात शिरल्यावर काय करतं?" काकूंनी गाळणी आपटत विचारलं.

काकांनी हात खाली घेतला.

काका तेहेतीस वर्षं जलमापन खात्यात मोजणीदार होते. काम एकच. सकाळी आठ वाजता ओढ्यावर जायचं, पाण्यात रोवलेल्या खांबावरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. शहराच्या कडेला ओढा ऐसपैस पसरतो, लव्हाळ्यांत शिरतो आणि बाहेर पडायचं विसरतो. त्या पाणथळीत तो खांब होता. पाऊस असो, ताप असो, आठ म्हणजे आठ. मुलगी झाली त्या दिवशीही काका आधी पाणी वाचून मग दवाखान्यात गेले, आणि गेल्या गेल्या त्यांनी बाळाची लांबी विचारली. काकूंनी ही गोष्ट माफ केली होती. विसरल्या नव्हत्या.

अहवालाच्या तिसऱ्या पानावर काकांचे आभार मानले होते. 'एका निष्ठावान मोजणीदाराच्या तेहेतीस वर्षांच्या अखंड नोंदींवर हा अभ्यास उभा आहे.' आठवडाभर काकांनी हे वाक्य गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. न्हाव्याला दोनदा, कारण पहिल्या वेळी त्याचं यंत्र चालू होतं. या आनंदात चौथं पान उलटायचं मात्र राहून गेलं. ते आज उलटलं, आणि वाचता वाचता काका एकसष्टाव्या पानावर येऊन थबकले.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "पुन्हा आभार मानलेत का?"

काकांनी वाचलं, "अकरा वर्षांपूर्वी पाण्याची पातळी एकाएकी चाळीस सेंटीमीटरने खालावली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात चार महिने पाणी शून्य. सबब ही पाणथळ नैसर्गिक कारणांनी मृत झाली आहे. मृत जागी भराव घातल्याने हानी संभवत नाही. ओढा नळातून धावपट्टीखाली नेण्यात येईल."

"मृत? अहो, परवाच तर तिथल्या डासांनी मला फोडून काढलं."

"आकडे माझेच आहेत."

"अकरा वर्षांपूर्वी असं काय झालं होतं हो? दुष्काळ तर नव्हता." काकूंनी कप खाली ठेवला आणि काकांकडे नीट पाहिलं. "तुमचा गुडघा."

काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. खांबापर्यंत पोचायला मांडीएवढ्या चिखलातून जावं लागे. मग एका रविवारी त्यांनी खांब उपटला आणि दोनशे पावलं वर, पायवाटेला लागून रोवला. तिथे तळ उंच होता, म्हणून आकडा चाळीसने कमी येई. त्यात काय अवघड? काका आकडा वाचत, मनात चाळीस मिळवत आणि लिहीत. चार महिने असं सुरळीत चाललं. मग कचेरीतून सगळ्या मोजणीदारांना फर्मान सुटलं: 'खांबावर दिसेल तेच लिहावे. मनाची भर घालू नये.' काका नियमाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चाळीस मिळवणं बंद केलं. खांब सरकवल्याचं मात्र कचेरीला कळवलं नाही, कारण ते कोणी विचारलंच नव्हतं.

अशा रीतीने एका प्रामाणिक माणसाने, एकही खोटा आकडा न लिहिता, एक जिवंत पाणथळ कागदावर मारली.

"आता काय करू?" काकांनी विचारलं.

"मी काय सांगणार? जन्मभर मलाच ऐकवलंत, दिसेल तेच लिहायचं म्हणून."

त्या दुपारी काका ओढ्यावर गेले. निवृत्तीनंतर वर्षभर त्यांनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं. बिनकामाचं पाण्याकडे बघणं त्यांना चोरीसारखं वाटे. पाणथळीचा पलीकडचा अर्धा भाग आता नव्हताच. विस्ताराच्या पहिल्या टप्प्यात तिथे तांबड्या मातीचा दोन पुरुष उंच भराव उभा राहिला होता आणि त्याच्या पोटातून सिमेंटचा एक नळ बाहेर आला होता. विमानं उभी करायच्या फरसबंदीवरचं सगळं पाणी त्यातून येई. नळाच्या तोंडाशी पाण्यावर तेलाचा तवंग होता, आणि तिथली लव्हाळी मुळापासून काळी पडली होती. एक पाणकोंबडी त्या काळ्या काड्यांत शिरली, लगेच बाहेर आली आणि परत शिरली, घराचा नंबर चुकल्यासारखी. अलीकडच्या अर्ध्या भागात पाणी अजून होतं. पण बेडूक ओरडत नव्हते. काका अर्धा तास थांबले. एकही नाही.

जनसुनावणी शाळेच्या सभागृहात होती. टेबलामागे पाहणी अधिकारी बाई बसल्या होत्या. शेजारी विमानतळाच्या कंपनीचा आलेखवाला होता. त्याच्या पडद्यावर काकांची तेहेतीस वर्षं एका निळ्या रेघेत पसरली होती. खालच्या वस्तीतली माणसं मागे उभी होती, कारण गेल्या पावसात त्यांच्या घरांत प्रथमच पाणी शिरलं होतं आणि विहिरींना रॉकेलचा वास येत होता. अहवालाच्या मते याचा पाणथळीशी संबंध नव्हता, कारण पाणथळ मेलेली होती.

काकांनी हात वर केला आणि सगळं सांगितलं. गुडघ्यासकट.

सभागृहात हशा पिकला. आलेखवाला हसला नाही. "म्हणजे तुमच्या नोंदी खोट्या?"

"नोंदी खऱ्या आहेत. जागा खोटी आहे."

"मग त्याआधीची वर्षं तरी खरी कशावरून? तेव्हा आणखी काही दुखत नव्हतं कशावरून?"

पुन्हा हशा. इतकी वर्षं काकांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलेलं कोणीही तिथे नव्हतं. साक्षीदार होता तो ओढा, आणि त्याला सुनावणीचं बोलावणं नव्हतं.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "काका, तुम्हाला समजतंय ना? तुमचं म्हणणं मी लिहून घेतलं तर अर्धी नोंद बाद करता येत नाही. सगळीच बाद होते. तेहेतीस वर्षं. अहवालातले आभारही जातात."

मागून न्हावी ओरडला, "काका, बसा खाली! कशाला आपल्याच हाताने आपलं नाव खोडताय?"

काकांनी त्या निळ्या रेघेकडे पाहिलं. तिच्यातलं एक टिंब मुलीच्या जन्माचा दिवस होता. कुठलं, ते त्यांना इतक्या लांबूनही दाखवता आलं असतं.

"लिहा बाई," ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं, काकांनी सही केली, आणि पडद्यावरची रेघ कोणीतरी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाई स्वतः पाहणीला आल्या. भर उन्हाळा होता; कागदोपत्री तिथे थेंब नसायला हवा होता. खांबाची जुनी जागा काकांनी लव्हाळ्यांतून बरोबर शोधून काढली. पाय पुढे टाकताना दर वेळी त्यांचा गुडघा कटकट करत होता, आणि काका त्याला हळू आवाजात शिव्या देत होते. बाई मागून चिखल तुडवत आल्या. काकांनी सेंटीमीटरच्या खुणांची काठी तळाला टेकवली आणि वाकून पाहिलं.

"किती?" बाईंनी विचारलं.

"अडतीस." काकांनी काठीवरची ओली खूण दाखवली. "आहे, बाई. ही जिवंत आहे."

बाईंनी आकडा लिहिला. "मृत हा शब्द मी काढते. एक वर्ष नव्याने मोजणी होईल, यंत्राने. तोवर या बाजूला भराव पडणार नाही. पुढचं माझ्या हातात नाही. आणि पलीकडचं जे बुजलं..."

"ते बुजलं," काका म्हणाले.

डोक्यावरून एक विमान गेलं. तेहेतीस वर्षांत काका या जागी कोणाशीच बोलले नव्हते, आणि आता एवढी तेहेतीस वर्षं पुसली गेल्यावर काहीतरी बोलायलाच हवं, असं त्यांना फार आतून वाटलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि उजवा हात आकाशाकडे नेला.

"बाई, पाणी म्हणजे..."

"काका, एक मिनिट," बाई म्हणाल्या. "तो हात जरा इकडे द्या. माझा बूट आत राहिलाय."