भोंग्याची शेवटची अंडी

हे लिहिणारच नव्हतो. कोंबडीवर कसलं लिहायचं, लोक हसतील. पण आज सकाळी परसात कोंबडा आरवला आणि मोबाईल हातात घेतला. लिहूनच टाकतो.

आमच्याकडे मास्तरीण नावाची कोंबडी होती. मान ताठ, दिसेल त्याला टोचणार. एका वर्षी ती खुडूक बसली, उबवायचा हट्ट धरून. खाली अंडं एकही नाही. होता तो उडालेला बल्ब. कोंबड्यांनी त्याला अंडं समजून खोक्यातच अंडी घालावीत म्हणून आईनं ठेवलेला. बाई तोच उबवत बसलेल्या! खाणं बंद, अंडी बंद, हात घातला की फुगून अंगावर.

"मोड तिची खुडूक," आई म्हणाली. "गार पाण्यात पोट बुडव आणि विटांवर जाळी टाकून त्या जाळीवर तिला कोंड. खालून वारा लागला की उतरेल ऊब."

बुडवली. कोंडली. सोडली की थेट बल्बवर.

"कोंबडी आहे की तुझा बाप?" आई वैतागली. "एकदा बसली की उठायचं नाव नाही."

"ऐकू येतंय हं," खुर्चीतून बाबा.

मग एका दुपारी ती आपण होऊन उठली, चार दाणे टिपले. मी खूश. म्हटलं, आता पक्कीच मोडू. परत बादलीत धरली, आणि तेवढ्यात लंबू आला.

लंबू म्हणजे भिंतीपलीकडचा माझा मित्र. त्याचे बाबा, वायरमनकाका, नुकतेच गेले होते. आमचा तो बल्बही त्यांनीच दिलेला. आता घर रिकामं करून लंबू आणि काकू मामाकडे निघाले होते, चौथ्या मजल्यावर. काकांचा लाडका कोंबडा होता, भोंगा. वेळकाळ काही नाही, मनात आलं की आरवायचा. लंबू त्याला आमच्याकडे सोडून जाणार होता. आदल्या दिवशी कुत्र्यानं त्याला उचललं.

लंबूच्या हातात काकांची हत्यारांची पिशवी. आत पक्कड नव्हती. स्वेटरमध्ये गुंडाळलेली अंडी होती.

"भोंग्याची शेवटची," तो म्हणाला. "आमची एकही कोंबडी बसलेली नाही. तुमची मास्तरीण खुडूक आहे ना?"

मास्तरणीच्या पोटातून पाणी गळत होतं.

"होती," मी म्हणालो.

त्यानं पिशवी नुसती छातीशी धरली.

"माझ्या तोंडाकडे काय बघताय?" आई बाहेर आली. "कोरडी करा तिला आधी. अंधार पडला की अंडी सरकवा. उजेडात दिलीत तर लाथाडेल."

मी टॉवेल आणला. लंबूनं तिला धरलं. तिनं त्याला टोचलं.

"टोचतेय म्हणजे चांगलं की वाईट?"

"मास्तरीण आहे, तिला कारण लागतं होय?"

तिन्हीसांजेला ती खुराड्याच्या दारात एक पाय आत, एक बाहेर अशी उभी राहिली. आमचा जीव टांगणीला. मग गेली आत. बसली. मी बल्ब काढून घेतला आणि एकेक अंडं पोटाखाली सरकवलं. पोट गारच होतं.

ती उठून उभी राहिली.

संपलं, मला वाटलं. पण तिनं मान वाकवली, चोचीनं एक अंडं आत ओढलं, मग दुसरं. पिसं पसरून हळूच टेकली.

"बसली," लंबू पुटपुटला. आणि रडला. काका गेल्यापासून पहिल्यांदा.

पिल्लं निघाली तेव्हा तो इथं नव्हता. त्यातलं एक नर निघालं. त्याचं पहिलं आरवणं म्हणजे थंडीत चालू न होणारी स्कूटर! मी लंबूला फोन लावून खुराड्याशी धरला.  मग पलीकडे लांबून त्याचा आवाज, "आई, इकडे ये. ऐक."

आता परसात त्याच्याच नातवंडांतला कुणीतरी आरवतो. मघाशी लंबूला ऐकवला.

"बेसूर आहे रे," तो म्हणाला. "बाबांच्या भोंग्यासारखाच. सध्या खुडूक बसलीय का कुणी?"

"एक बसलीय. आई म्हणते मोड."

"मग?"

"नाही मोडत. ह्याचीच अंडी घालतो तिच्याखाली. मी आहे तोवर ह्या परसात भोंगा नाही असं होणार नाही, लंबू. शब्द."